तिसरी बाटली

रोहा, ११ फेब्रुवारी १९९६

सौ. मालू हिस,

नवऱ्यानं बायकोला आशीर्वाद लिहायची रीत आहे. माझ्या आशीर्वादानं तुझं आजवर काही भलं झालेलं दिसत नाही, म्हणून नुसता नमस्कार लिहितो.

दिवाळीनंतर तू गेलीस त्या दिवशी मी फर्स्ट शिफ्टला होतो. दुपारी घरी आलो तर तुझी पेटी जागेवर नव्हती आणि भात झाकून ठेवलेला होता. आई म्हणाली, तुझ्या बाबांना बरं नाही म्हणून गेलीस. पुढच्या रविवारी तुझे बाबा मला पेणच्या बाजारात भेटले. सायकलला प्लास्टरची गोण बांधून चालले होते, चांगले ठणठणीत. मी काही विचारलं नाही. त्यांनीही नाही. उसाचा रस पाजला आणि गेले.

तुला बोलवायला हे पत्र लिहीत नाही. सात वर्षांत मुलासाठी देव झाले, भगत झाले, वैदू झाले, पेणच्या डॉक्टरांनी पिशवी धुतली. तू कंटाळलीस ते मला कळतं. नुसती खुशाली लिहितो.

इथं एक नवीन चाललंय. कंपनीतल्या लोकांची तपासणी आहे. कंपनी करत नाही, मुंबईच्या एका कॉलेजातल्या डॉक्टरीणबाई करतात. बाजाराजवळच्या दवाखान्यात त्यांना मागची खोली दिलीय. मिरियम अष्टमकर त्यांचं नाव. घराणं मूळ आपल्या अष्टमी गावचं. आजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणायचे, आई सांगते. बाईंचे बहुतेक सगळे नातेवाईक इस्रायलला गेले, त्या राहिल्या. बोलतात आपल्यासारख्याच. माझा दंड बांधताना म्हणाल्या, "घाबरू नको रे, रक्तच घेते, जमीन नाय लिहून घेत."

रक्त आणि लघवी दिली. बाकी काही नाही.

आई बरी आहे. गडबचे पाहुणे येऊन गेले. सहज आले होते.

तुझा,
जनू


रोहा, ३ मार्च १९९६

मालू,

उत्तर नाही आलं तरी हरकत नाही. पोस्टमन तुझ्या माहेरी हमरापूरला पत्र टाकतो एवढं मला पुरे आहे.

परवा शिफ्ट सुटल्यावर मी बाईंच्या खोलीत डोकावलो. त्या काय शोधतात ते विचारलं. त्यांनी हातातलं काम थांबवून समजावून सांगितलं. आपण श्वास घेतो, अन्न पचतं, म्हणजे शरीरात सतत एक बारीक आग जळत असते. आग म्हटली की ठिणग्या उडणार. शरीर त्या विझवत राहतं. पण बाहेरून रोज कंपनीतल्या सॉल्व्हंटच्या वाफा गेल्या, विडीचा धूर गेला, तर ठिणग्या वाढतात आणि विझवणारं कमी पडतं. मग पेशींच्या कडेला जो पातळ तेलकट पापुद्रा असतो, तो खराब होतो. "डब्यातलं तेल खवट होतं ना, तेच," बाई म्हणाल्या. "माझ्या आजोबांना वासावरून कळायचं. मला यंत्र लागतं."

तो खवटपणा रक्तात, लघवीत उतरतो आणि मोजता येतो. काचेच्या नळीत नमुना घालून औषध टाकतात, उकळत्या पाण्यात ठेवतात. हळूहळू गुलाबी रंग चढतो. जितका खवटपणा जास्त, तितका रंग गडद. एक नळी त्यांनी खिडकीपाशी धरून दाखवली. तुझ्या बाबांच्या कारखान्यात गणपतीच्या तळपायाला देतात तसा गुलाबी होता. कुणाची नळी ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आता एक लिहायचं आहे. मागच्या पत्रात रक्त आणि लघवी लिहिलं ते खोटं नाही, पण अपुरं आहे. तिसरी बाटलीही होती.

पहिल्याच दिवशी बाईंनी आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं होतं, ज्यांची तयारी असेल त्यांनी वीर्याचाही नमुना द्यावा, सक्ती नाही, नाव कुठं बाहेर जाणार नाही. एक बाईमाणूस समोर उभं राहून असं बोलतंय म्हटल्यावर सगळे पंख्याकडे बघायला लागले. कुणीच बाटली उचलली नाही. मीही नाही. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एकटा गेलो. कंपाउंडरनं खोली दाखवली. भिंतीवर दत्ताचं कॅलेंडर होतं, ते आधी उलटं केलं. हसू नकोस. किंवा हस, तू हसल्याला फार दिवस झाले.

का दिलं, ते सांगतो. गडबचे पाहुणे सहज आले नव्हते. त्यांची मुलगी लग्नाची आहे. आई म्हणते तुझ्याशी फारकत घेऊन तिला आणावी. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच कळवतो. मी होकार दिलेला नाही. नकारही अजून मोठ्यानं दिलेला नाही. त्या दिवशी ते लोक चहा पीत बसले होते आणि आई त्यांना तुझ्याबद्दल सांगत होती, किती उपाय केले, किती ठिकाणी नेली. मला एकदम वाटलं, सात वर्षं सगळ्यांनी मालूलाच तपासलं. मला कुणी जीभ बाहेर काढ असंसुद्धा म्हटलं नाही.

एवढंच कारण.

जनू


रोहा, २२ एप्रिल १९९६

मालू,

काल रविवारी शाळेच्या हॉलमध्ये बाईंनी सगळ्यांना बोलावलं होतं. जे झालं ते कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी माझ्याकडून वाच.

पाऊणशे तरी माणसं असतील. बाईंनी फळ्यावर दोन रेघा काढल्या. एक रेघ ऑफिसातल्या आणि गेटवरच्या लोकांची, दुसरी रिअॅक्टर आणि ड्रायरवरच्या लोकांची. आमची रेघ बरीच वर होती. रक्तातही आणि लघवीतही. बाई म्हणाल्या, हा आकडा म्हणजे रोग नव्हे, पण अंगावर रोज किती मार बसतोय त्याची खूण आहे. वाफा कमी करायला काय काय करता येईल ते लिहून त्या कंपनीला देणार आहेत. मग म्हणाल्या, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

एकानं विडीबद्दल विचारलं. एकानं दूध प्यावं का विचारलं. तिसऱ्या बाटलीचं कुणी काढेना, आणि बाईही आपण होऊन काढेनात. लोक चपला शोधायला लागले.

मग मी उभा राहिलो. म्हटलं, "मी तिसरी बाटली दिलीय. लग्नाला सात वरसं झाली, मूल नाय. दोष बायकोचा धरला. तो तिचा नसंल, तर ते कसं कळंल?"

मागं कुणीतरी हसलं. पण हसू पुढं सरकलं नाही, तिथंच राहिलं.

बाईंनी विचारलं, "बायकोला दाखवलंय?"

"सगळीकडं."

"आणि तुला?"

"तुम्हीच पहिल्या."

बाईंनी खडू खाली ठेवला. मग हॉलमधल्या सगळ्यांकडं बघून बोलल्या. मूल होत नाही तेव्हा पुष्कळदा कारण पुरुषात असतं, आणि त्यातल्या काहींच्या वीर्यात हाच खवटपणा सापडतो, असं अलीकडं देशोदेशीचे डॉक्टर सांगायला लागलेत. शुक्राणूचं अंगही तेलकट असतं. त्याला ठिणग्या लागल्या की त्याची चाल जाते. "त्यात लाजायचं काय? तुम्ही काय ते कुठं चोरून नाय आणलं. कामावरनं आणलं."

दाजी म्हात्रे तुला आठवतील, ड्रायरवरचे, केस पिकलेले, आपल्या लग्नाला ढोलकी घेऊन आले होते. ते उठून म्हणाले, "मला पोरं हायत. पण माझा थोरला माझ्याच बरोबर ड्रायरवर हाय आन् त्याची बायको रडती. उद्या त्याला घेऊन येतो." मग आणखी दोघं बोलले. मी खाली बसलो तेव्हा शर्ट भिजला होता.

नंतर बाईंनी मला व्हरांड्यात बाजूला घेतलं. माझ्या बाटलीचं सांगितलं. शुक्राणू आहेत, पण चाल मंद आहे, बरेचसे जागच्या जागी. आणि खवटपणा ऑफिसातल्या माणसांच्या पुष्कळ वर. म्हणाल्या, "एका आकड्यावर मी शपथ घेणार नाय. तुझ्या बायकोत काहीच नसंल असंही मी इथं बसून सांगू शकत नाय. पण तिच्यावर बोट ठेवायला कुणाजवळ काही आधार नाय, एवढं पक्कं."

मी घरापर्यंत चालत आलो. नदीच्या पुलावर थांबलो होतो जरा वेळ. मालू, मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पुरुषाला वाटतं तसं वाटलं. पण त्याच्या खाली आणखी एक होतं. तू एकटी ज्याच्याखाली दबली होतीस, त्याचं एक टोक आता माझ्या हातात आलंय, असं ते होतं.

जनू


रोहा, २६ एप्रिल १९९६

मालू,

रविवारी मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. आई उंबऱ्यात सुकट निवडत बसली होती. वर न बघता म्हणाली, "समद्यांच्या म्होरं बोललास?"

मी व्हय म्हटलं.

"बापाचं नाव घालवलंस."

मी तिच्याजवळ खाली बसलो. तिला सांगितलं, गडबला निरोप पाठव, मला दुसरी करायची नाही. दुसरी आणली तर सात वर्षांनी तिचीही पेटी अशीच जाईल. आई म्हणाली, त्या तेलिणीच्या यंत्राला काय कळतं. मी म्हटलं, "यंत्राचं सोड. मालू किती वेळा उपाशी राहिली, किती सुया टोचून घेतल्या, ते तू बघितलंस ना? मी एक बाटली दिली तर मला घाम फुटला, आये."

ती उठून आत गेली. तेव्हापासून बोलत नाही. ताट वाढते, समोर ठेवते, आणि मागच्या दारी जाऊन बसते. तुला माहीत आहे, माझे बाबा गेल्यावर ती मिठागरावर मीठ ओढून मला शिकवत होती. तिच्या भेगाळलेल्या पायांत मीठ जायचं ते मी लहानपणी बघितलंय. तिला नातू हवा होता यात तिचं काही चुकलं असं मला म्हणवत नाही. पण आता मी मागं फिरणार नाही.

आज शिफ्टवरून आलो तर दाराला कुलूप. किल्ली शेजारच्या चंद्रावतीकाकूंकडं. त्या म्हणाल्या, आई सकाळच्या गाडीनं गडबला गेली, नवं लुगडं नेसून. नवं लुगडं नेसली म्हणजे लग्नाचं पक्कं करायलाच गेली. मी पायरीवर बसून हे लिहितोय. उद्या सुट्टी टाकून गडबला जातो आणि त्या लोकांना स्वतः सांगतो. त्यांच्या मुलीचं नुकसान व्हायला नको.

तू हे वाचशील तोवर ते झालेलं असेल.

जनू


रोहा, १२ मे १९९६

मालू,

तुझं कार्ड आलं. पोस्टमननं कंपनीच्या गेटवरच दिलं. सायकल स्टँडवर उभा राहून वाचलं, आणि पुन्हा वाचलं.

मी गडबला गेलोच नाही. त्या दिवशी दिवेलागणीला आई परत आली. पाणी प्यायली, आंघोळीला गेली. जेवायला बसल्यावर बघितलं तर तिच्या नखांत पांढरं अडकलेलं होतं. मला वाटलं पीठ असेल. मग ती आपण होऊन म्हणाली, "गडबच्यांना नको सांगून आले. सूनबाईच्या हातचा च्या पण घेतला." मला आधी काही कळलं नाही. गडबला चहा देणारी सूनबाई कोण, म्हणून मी विचारत बसलो. ती म्हणाली, "माझ्या सुना किती हायत?"

बाकीचं सगळं तुझ्या कार्डावरून कळलं. ती गडबहून पुढची गाडी धरून पेणला आली, तिथून हमरापूरला, आणि न सांगता कारखान्यात येऊन तुझ्याशेजारी बसली. तू चहा दिलास तो घेतला. मग पॉलिश पेपर उचलून दुपारभर गणपतींच्या पाठी घासत बसली. तुझे बाबा घाबरून बाहेरच थांबले, हे वाचून मला हसू आलं. आणि तू स्टॉपवर सोडायला गेलीस तेव्हा गाडीच्या पायरीवर पाय ठेवून म्हणाली, "तुझ्यात काय खोट नव्हती गो. मी बोलले ते समदं परत घेऊन जाते."

हे तू तिच्याच शब्दांत लिहिलंस. मी तिला विचारलं नाही आणि विचारणार नाही.

कार्डाच्या शेवटी तू विचारलंयस, 'मुलाचं राहू दे. ती वाफ रोज तुमच्या छातीत जाते, त्याचं काय करणार?' मालू, इतके दिवस मी, आई, दाजी, हॉलमधले सगळे, आम्ही मूल मूल करत होतो. बाईंनी फळ्यावर रेघ काढली ती माझ्या रक्ताची होती, हे मी स्वतःसुद्धा ध्यानात घेतलं नव्हतं. ते एका तुलाच सुचलं.

उद्याच साहेबांशी बोलतो.

तुझा जनू


रोहा, ७ जुलै १९९६

मालू,

रिअॅक्टरवरून सुटलो. आता डिस्पॅचला आहे, गोदामात. पिंपं मोजून ट्रकवर चढवायची, चलनं लिहायची. साहेब आधी म्हणाले, इतकी वर्षं तिथं होतास तेव्हा काही झालं नाही ते आत्ताच काय झालं. बाईंचा कागद मधल्या काळात मोठ्या साहेबांकडं पोचला होता, म्हणून फार ताणलं नाही. ओव्हरटाइम गेला. चालेल. रिअॅक्टरवर आता दोन मोठे पंखे बसवलेत आणि तोंडाला बांधायची जाळी देतात. लोक ती गळ्यात अडकवून फिरतात. दाजी त्यांच्या मागं लागून बांधायला लावतात.

विडी सोडली. बाईंनी व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्यात, त्यांना ठिणग्या विझवणाऱ्या गोळ्या म्हणतात. पण आधीच बजावलं, गोळीवर फार भरवसा ठेवू नको, वाफेतून बाहेर पडलास तेच खरं औषध. नवीन शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, तेव्हा पुन्हा बघू म्हणाल्या. आई गोळ्यांना मानत नाही. ती रोज सकाळी मोरावळा पुढं करते आणि मी खाईपर्यंत उभी राहते.

मागच्या रविवारी हमरापूरला आलो तेव्हा तुझ्याशी काही बोलणं झालं नाही. तुझे बाबा मला यंदा कुठल्या मूर्तीला मागणी आहे ते सांगत होते आणि तू समोर डोळ्यांची आखणी करत होतीस. मी गणपतीच्या डोळ्याकडं बघतोय असं दाखवत तुझ्याकडं बघत होतो. डोळ्याची रेघ ओढताना तू श्वास धरतेस आणि रेघ संपली की सोडतेस, हे मला सात वर्षांत माहीत नव्हतं. तू लग्नानंतर ब्रश हातात धरलाच नव्हतास. रोह्याच्या त्या खोलीत कुणी धरू दिला नाही, म्हणजे धर असं कुणी म्हटलं नाही.

खोलीची मागची पडवी मी झाकून घेतोय. उजेड उत्तरेचा आहे. तुझे बाबा म्हणाले आखणीला तोच बरा. तू यायलाच हवं असं नाही. पडवी झाकून घेतोय, एवढंच कळवतो.

एक बोलायचं राहिलं. परत निघताना तू स्टॉपपर्यंत आलीस आणि माझ्या छातीवर एकदम तळहात ठेवलास, श्वास कसा चालतो ते बघायला. बाजूला दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या तरी ठेवलास. ती जागा अजून गरम आहे असं मला वाटतं. हे पत्र बाबांना वाचायला देऊ नकोस.

जनू


रोहा, १ सप्टेंबर १९९६

मालू,

दुसऱ्यांदा तिन्ही बाटल्या दिल्या. आज निकाल कळला.

रक्तातला आकडा बराच खाली आलाय, ऑफिसवाल्यांच्या जवळपास. वीर्यातलाही उतरलाय, पण अजून त्यांच्याएवढा नाही. चाल सुधारलीय. बाईंनी मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. आधी नुसता उजेड दिसला. मग मालू, त्यात किती तरी जीव इकडून तिकडं पळत होते. काही जागीच थरथरत होते, पण बरेच पळत होते. मी डोळा काढला तर बाई हसत होत्या.

मी विचारलं, मूल होईल का. त्या म्हणाल्या, "होईल असं सांगितलं तर तो माझा लबाडपणा. होणार नाय असं म्हणायला आता कारण राहिलं नाय, एवढं घेऊन जा."

तेवढं घेऊन आलो. आईला सांगितलं. ती बरं म्हणाली आणि थोड्या वेळानं विचारलं, "मग तिला कवा लिहिणार?"

म्हणून लिहितो. आतापर्यंत नुसती खुशाली लिहिली, आज मागणं लिहितो. चाल कमी असो, जास्त असो, मूल होवो, न होवो, तू नसलेल्या घरात मला राहायचं नाही. ये. तुला इथं नको असेल तर मी तिकडं येतो. प्लास्टरच्या गोणी उचलायला मी काही वाईट नाही.

गणपतीचं काम उरकल्याशिवाय तू उत्तर देणार नाहीस, माहीत आहे. मी थांबतो.

तुझा,
जनू


हमरापूर, २१ सप्टेंबर १९९६

रोह्यास नमस्कार.

नाव लिहायची मला सवय नाही, तरी हे कुणाला ते पोस्टमनला कळेल, वरती पत्ता आहे.

तुमची सगळी पत्रं मी वाचली. एकही चुलीत घातलं नाही. गौरी-गणपती गेले, कारखाना रिकामा झाला, आज बसून लिहिते. माझं अक्षर रेघेवर राहत नाही. ब्रश धरला की हात सरळ चालतो, पेन धरला की नाही.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. पेणच्या डॉक्टरांनी माझी पिशवी धुतली, त्या वेळेला ते मला म्हणाले होते, तुझ्यात मला काही दिसत नाही, पुढच्या खेपेला यजमानांना घेऊन ये. मी घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आई म्हणाल्या असत्या, सून आपलं माझ्या पोरावर ढकलते. आणि तुम्ही गेला असतात, पण माझ्याकडं बघायचं सोडलं असतंत, अशी मला भीती. पुरुषाची मान खाली गेली की घरातलं हसणं जातं, हे मी माझ्या मावशीच्या घरी बघितलंय. म्हणून गप्प राहिले. पण गप्प राहून सुया टोचून घेणं पण झेपेना. तेव्हा भात झाकून ठेवला आणि आले. तुमच्यावर रागावून नाही आले. बोलले असते तर तुम्हाला लागलं असतं, नाही बोलले तर मी संपले असते, दोन्ही नको म्हणून आले.

मग तुमचं दुसरं पत्र आलं. बाटली दिली म्हणून लिहिलंत. कुणी सांगितलं नव्हतं, मी तर नाहीच, आणि तुम्ही आपल्या पायांनी गेलात. कॅलेंडर उलटं केलंत ते वाचून मी हसले. बाबा विचारायला लागले काय झालं. मग मी मागं जाऊन रडले. आकडा काय निघतो त्याची मी वाटच बघितली नाही. मला हवं होतं ते त्याच दिवशी झालं होतं. उत्तर लिहिलं नाही कारण काय लिहायचं ते सुचलं नाही.

मूल व्हायचं असलं तर होईल. नाही झालं तर आई, तुम्ही आणि मी, तीन ताटं मांडू. ते पण भरलेलं घरच आहे.

गोदामात ट्रकचा धूर असतो, तिथं पण फडकं बांधा.

मी येते. तुम्ही आणायला येऊ नका, सुट्टी वाया घालवू नका. आईंना पण पाठवू नका, त्यांचे गुडघे दुखतात. माझे ब्रश आणि रंग घेऊन येणार आहे, सामान जड नाही. बाबा पुढच्या वर्षीच्या लहान मूर्ती आखणीला पाठवतो म्हणतात.

बुधवारी दुपारच्या गाडीनं पोचते. भात तेवढा टाकून ठेवा. मासळी मी पेणहून आणते. जिताडं मिळालं तर जिताडं, नाहीतर बोंबील.

मालू